कुटारातलं मुंगूस

आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला नाव नव्हतं, किंवा असं म्हणा की घरटी एक नाव होतं. कोणी त्याला शेरू म्हणे, कोणी वाघ्या, आणि शेजारच्या खाला तर नुसतं ‘आ रे’ म्हणून हाक मारत. भाकरीच्या वेळी तो सगळ्या नावांना ओ द्यायचा. सकाळची भाकरी एका दारात, ताकातला चुरा दुसऱ्या दारात, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी खालांकडची हाडं. सगळ्या गल्लीचं मीठ खाल्लेला कुत्रा. त्याला सुई टोचून आणायची गोष्ट निघाली की मात्र जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बघायचा. सगळ्यांचा तो कुणाचाच नाही, हे माणसांच्या बाबतीत मला माहीत होतं. कुत्र्याच्या बाबतीतही तेच खरं निघालं.

त्याच्याकडे काम होतं ते मागच्या बाजूच्या राखणीचं. कामरगावकडून येणारी जीप गावात वळते तिथून आमची गल्ली सुरू होते. घरांची तोंडं रस्त्याकडे, पण जगणं सगळं मागे, सांदवाडीत. घरामागच्या मोकळ्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. तुराट्यांचं कुंपण, शेवग्याचं झाड, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला कढीपत्ता, धुण्याचा दगड. कुंपणापलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे शेतं. सोयाबीन उभं असतं तोवर तिकडची जनावरं तिकडे सुखी असतात. सोयाबीन निघालं की रान एकदम उघडं पडतं आणि मग सगळे आमच्याकडे मुक्कामाला येतात. साप येतात, घोरपड येते, मुंगसं येतात, कधी वानरांची टोळी शेवग्यावर उतरते. त्यात लोक सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, आणून घरामागे ढीग लावतात, ढोरांच्या चाऱ्यासाठी. ज्यांच्याकडे ढोरं उरली नाहीत तेही लावतात, सवय म्हणून. कोरडा, उबदार, उंदरांनी भरलेला ढीग. जनावरांना आणखी काय पाहिजे?

कुत्रा या सगळ्यांच्या मागे लागायचा. आणि गल्ली त्याला लावायची. कुंपणात काही हललं की कुठल्या तरी सांदवाडीतून ‘छू’ ऐकू यायचं आणि तो बाणासारखा सुटायचा. खालांच्या कोंबड्या मुंगसांपासून वाचल्या त्या त्याच्यामुळेच. खालांचं घर गाद्या भरणाऱ्यांचं. पुढच्या खोलीत कापूस, मागे कोंबड्या. आमच्या आणि त्यांच्या सांदवाडीमध्ये एकच कुंपण, तेही अर्धं पडलेलं. कुत्र्याला घरात घ्यायचं नाही हा त्यांचा नियम होता, पण हाड टाकताना त्या त्याच्याशी जितकं बोलत तितकं नवऱ्याशीही बोलत नसत.

आता आईबद्दल. माझी आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. नोकरी संपली तरी गल्लीनं तिला रिटायर होऊ दिलं नाही. कोणाच्या लेकराचा डोस चुकला, कोणाला ताप आला, की ‘बाईले विचारा’. आमच्याकडची एक जुनी रीत होती: कुत्रं चावलं की जखमेत लाल तिखट भरायचं. या तिखटाशी आईनं अख्खी नोकरीभर भांडण केलं. ती जखम स्वतः नळाखाली धरायची, साबणानं खसाखसा धुवायची आणि माणसाला दंडाला धरून जीपमध्ये बसवायची. विहारात सभा असली तरी शेवटी उठून सांगायची, बुवाकडं जाऊ नका, सुई घ्या. खालांच्या सुनेला तर तिनं भर बाजारातून ओढत नेलं होतं. अशी ही बाई. म्हणून मला अजून राग येतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी तिला तोंडावर म्हटलं आहे आणि तिनं ऐकून घेतलं आहे.

त्या दुपारी मी मशीनवर बसले होते. मी शिवणकाम करते, पुढच्या खोलीत. लग्नाचे ब्लाऊज अडकले होते आणि मागून आरडाओरडा सुरू झाला. उठून गेले तर आमच्या कुटाराच्या ढिगावर, टळटळीत उन्हात, एक मुंगूस उभं. समोर कुत्रा. दोन्हीकडच्या कुंपणांवर माणसं. मुंगूस माणसाच्या सावलीलाही थांबत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. हे थांबलं होतं. मागचे पाय किंचित वाकडे पडत होते, तोंड ओलं दिसत होतं, आणि ते पळायच्या ऐवजी कुत्र्याकडेच येत होतं. गल्लीला त्यात काही वावगं दिसलं नाही. ‘हिंमत पाह्य त्याची,’ असं कोणीतरी म्हणालं आणि दुसऱ्यानं ‘छू’ केलं.

झटापट फार वेळ चालली नाही. मुंगसानं कुत्र्याचा वरचा ओठ धरला आणि सोडलाच नाही. कुत्रा गोल गोल फिरला, कुटार उडालं, शेवटी त्यानं ते आपटून मारलं. लोकांनी वाहवा केली. मेलेलं मुंगूस कोणीतरी काठीवर उचलून नाल्यात टाकलं. खाला म्हणाल्या, “आता माह्या कोंबड्या वाचल्या.” आईनं कुत्र्याला धुण्याच्या दगडाजवळ बसवलं, ओठावर तेलात कालवलेली हळद लावली आणि त्या दिवशी त्याला दुधात भाकरी कुस्करून दिली. ज्या बाईनं जन्मभर माणसांच्या जखमा साबणानं धुतल्या, तिला कुत्र्याची जखम हळदीची वाटली. मी आत जाऊन पुन्हा ब्लाऊज हाती घेतला.

दिवाळी झाली. नंतर केव्हातरी कुत्र्याचं बिघडत गेलं. आधी तो भाकरीला येईनासा झाला. नंतर आमच्या सांदवाडीतल्या जुन्या बाजेखाली जाऊन बसू लागला आणि हाक मारली तर दुसऱ्याच कुणाकडे बघितल्यासारखं बघायचा. भुंकणं घोगरं झालं. मग जबडा लोंबला आणि लाळ गळायला लागली. पिसाळलेला कुत्रा म्हणजे अंगावर धावून येणारा, गावभर चावत सुटणारा, एवढंच आम्हाला माहीत. हा तर कोपऱ्यात पडून होता. आदल्या दिवशी बाजार होता, खालांनी हाडं टाकली होती. तेव्हा गल्लीनं निदान करून टाकलं: हाड अडकलं.

मी त्या दिवशी अस्तराचं कापड आणायला कारंज्याला गेले होते. परत आले तर कुत्रा मेला होता. शेजारच्या माणसांनी त्याला नाल्यापलीकडे खड्ड्यात मीठ टाकून पुरलंही होतं. आई चुलीपुढे बसली होती, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधून.

“कशानं गेला?” मी विचारलं.

“वय झालं व्हतं त्याचं.”

वय झालं नव्हतं. “आणि हे बोटाला?”

“विळीवर कापलं.”

मी विश्वास ठेवला. आई खोटं बोलते हे मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं, मग तेव्हा कसं सुचणार?

पुढे काही दिवस गेले. चिंधी सुटली, जखमांवर खपल्या धरल्या. मी कपडे वाळत घालत होते आणि खाला कुंपणापलीकडून दाणे टाकता टाकता म्हणाल्या, “तुह्या मायचं काळीज लय मोठं आहे बेटी. आमी तर दूर उभ्या व्हतो. तिनं सरळ त्याच्या तोंडात हात घातला, हाड काढाले. गरीब जनावर, त्यानं चावलं बी नाई. हाड तर काई सापडलं नाई, पन तिनं पुरा हात घालून पाह्यला.”

त्या हे कौतुकानं सांगत होत्या. माझ्या हातातलं ओलं लुगडं खाली मातीत पडलं आणि मी ते उचललं नाही. उन्हात उभं ते मुंगूस, न पळणारं, मला त्या क्षणी पुन्हा दिसलं, आणि आम्ही त्या पिसाळलेल्या जनावराला शूर म्हणालो होतो हेही आठवलं.

मी घरात गेले. आई गहू निवडत होती. मी तिचा हात धरून उलटा केला. बोटांच्या पेरांवर बारीक, आडव्या खपल्या. विळी अशी कापत नाही.

“तू त्याच्या तोंडात हात घातला व्हता?”

तिनं हात काढून घेतला. “चावला नाई तो मले.”

“मग हे काय आहे?”

“हात बाहेर काढतानी दात लागला. चावनं येगळं अन् लागनं येगळं.”

एखाद्या दुसऱ्या बाईनं हे तिच्यापुढे म्हटलं असतं तर तिनं त्या बाईचं कानशील गरम केलं असतं. मी ओरडले. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर आहे हे गल्लीला माहीत आहे, पण त्या दिवशी लोक कुंपणाशी आले ते आवाजात दुसरंच काही ऐकू आल्यामुळे आले असावेत. मी म्हणत होते, उठ, जीप निघेल, उठ. ती म्हणत होती, “मले काई झालं नाई. कायले तमाशा करून राह्यली?” ती उंबरठ्यावर बसली आणि चौकट धरली. माझी आई, जिनं जन्मभर लोकांना चौकटीपासून सोडवून नेलं, ती चौकट धरून बसली. मी तिच्या दंडाला हिसका दिला, ती हलली नाही. मी रडायला लागले. रडून काही होत नाही हे कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

खाला पडक्या कुंपणातून आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. आपण कौतुकानं काय सांगून बसलो हे त्यांना आता समजलं होतं. त्या आईसमोर जमिनीवर बसल्या.

“बाई, तू माह्या सुनेले बाजारातून ओढत नेलं का नाई?”

आईनं चौकट आणखी घट्ट धरली.

“तवा ती बी म्हने, जरासं खरचटलं. तू काय म्हनलं व्हतं?”

“ते मले इचारू नको.”

“मी इचारतो. हाड मी टाकलं व्हतं. तुले काई झालं तर मी अल्लाले काय तोंड दाखवू? उठ. मी बी येतो.”

आईनं चौकट सोडली. चपला शोधायला लागली आणि त्या समोर असूनही तिला सापडेनात, तेव्हा मी त्या तिच्या पायांपुढे सरकवल्या.

जवळच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं खपल्या पाहिल्या, किती दिवस झाले ते विचारलं, आणि उत्तर ऐकताच हातातलं बाकीचं काम बाजूला सारलं. तिनं हात धुवायला लावला, पहिली सुई दिली आणि सांगितलं की बोटांत जखमेपाशीच एक वेगळं औषध द्यावं लागतं, तयार संरक्षण देणारं, ते इथे नसतं, मोठ्या दवाखान्यात जा, आत्ताच जा, उद्यावर टाकू नका. घरी जाऊन भाकरी खाऊन निघू, असं आई म्हणाली. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. एस.टी. उभी होती, आम्ही चढलो. खालांना मी परत पाठवलं. त्यांचे गुडघे धरलेले होते.

बस रिकामीशी होती. बाहेर शेतांत हरभरा उगवून आला होता आणि आई खिडकीतून त्याच्याकडे बघत होती. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

तिचं माहेर आसेगावच्या बाजूला. ती लहान असताना तिथे एका माणसाला हाच रोग झाला होता, नात्यातल्याच. त्याला त्याच्याच घरच्यांनी गोठ्यात बाजेला बांधलं आणि दार ओढून घेतलं. पोरांना दूर दुसऱ्या घरी पाठवलं, पण आवाज तिथपर्यंत यायचा. तो शुद्धीवर असायचा. मधूनच नेहमीच्या आवाजात बोलायचा, दोरी सोडा म्हणायचा, बायकोला नावानं हाक मारायचा. कोणी जात नव्हतं. आई हे एवढंच बोलली.

“म्हणजे तुले समजलं व्हतं,” मी म्हटलं.

“हात बाहेर काढला तवाच समजलं. हाड नव्हतं ना.”

“मग सांगतलं काहून नाही? मले नाही तर डॉक्टरले?”

“सुई घेतली का मग ते खरं झालं. नाई घेतली तर वाटे, नसंल बी.” मग म्हणाली, “मले बांधू नको.”

मी तिच्यावर चिडले. बसमध्ये, चार माणसांदेखत. काय वेड्यासारखं बोलते, आपण सुई घ्यायला चाललो, आता काळ बदलला, असं बरंच बोलले. बांधणार नाही, एवढे दोन शब्द मात्र माझ्या तोंडून निघाले नाहीत. निघाले असते तर ते होऊ शकतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मायलेकी आम्ही, एकाच माळेचे मणी.

मोठ्या दवाखान्यात त्यांनी ते औषध तिच्या बोटांत टोचलं, खपल्यांच्या आजूबाजूला, पेरापेरात. बोटांत जागा कुठे असते? कातडी पांढरी फटक होऊन फुगत होती. आई ओठ दाबून भिंतीकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मी तिचं डोकं माझ्या पोटाशी धरून उभी होते. डॉक्टरांनी सांगितलं, आधी आला असतात तर बरं होतं, पण आता जे द्यायचं ते दिलं आहे, पुढची एकही सुई चुकवू नका.

“मग आता भीती नाही ना?”

“बहुतेक नाही,” ते म्हणाले. माणूस चांगला होता, खोटं बोलला नाही. पण ‘बहुतेक’ या शब्दाचा मला तेव्हापासून संताप येतो. पुढे मी विचारलं की कधीपर्यंत वाट पाहायची, तर ते म्हणाले, काही महिने, क्वचित जास्त. क्वचितवर तर मला त्यांची कॉलर धरावीशी वाटली.

सगळ्या सुया झाल्या. एकही चुकली नाही, मी चुकू दिली नाही. इकडे गल्लीनं बैल गेल्यावर झोपा केला: कुटाराचे ढीग नाल्यापलीकडे हलवले, कुंपणं बांधून काढली. ज्या दारांत कुत्र्याला घरटी एक नाव होतं, तिथली माणसं आता म्हणू लागली, “तुमचाच व्हता तो, तुमच्याच बाजेखाली राहे.” दोन गिऱ्हाइकांनी शिवायला टाकलेले कपडे न शिवताच परत नेले. आईच्या हातचा चहा कोणी घेईना. खाला तेवढ्या रोज येतात, मुद्दाम आईच्या कपातून चहा पितात आणि सगळ्यांना दिसेल असं दारात बसून पितात.

आता एक दुसरा कुत्रा आला आहे. कुठून आला कोण जाणे. परवा नाल्याकडून घोरपड सरपटत आली तर पलीकडच्या सांदवाडीतून कोणीतरी ‘छू’ केलं. मी काठी घेऊन धावले. कुत्र्यावर नाही, ‘छू’ म्हणणाऱ्यावर. तो माणूस घाबरून आत पळाला आणि मी त्याच्या दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. गल्ली म्हणते, हिचं डोकं फिरलं. फिरलंच आहे. त्या कुत्र्याला मी ढोरांच्या डॉक्टरकडून सुई टोचून घेतली. कोणाचा, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मी म्हटलं, माझा.

आईला काही झालेलं नाही. ती जेवते, गहू निवडते, माझ्याशी भांडते. काहीच झालेलं नाही आणि दिवस जातो तो असा की उद्या होईल. या रोगात पाणी घशाखाली उतरत नाही, पाण्याची नुसती चाहूल लागली तरी घसा आवळतो, हे सगळ्या जगाला माहीत आहे. म्हणून मी तिला पाणी पिताना बघते. सुरुवातीला चोरून बघायचे. आता उघड बघते. तिनं पाण्याचा गडवा उचलला की माझी मशीन थांबते.

काल तिनं गडवा तोंडाला लावला आणि खाली ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. मी उठून तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“काय झालं? पी ना.”

“तू पाह्यतं ना,” आई म्हणाली, “तू अशी पाह्यली का माह्या घशातून घोट उतरत नाई.”

तिनं माझ्याकडे बघितलं. तिलाही खात्री नव्हती. मी कधीपासून अशी बघत होते, आणि घसा माझ्यामुळे आवळत होता की आणखी कशानं, हे दोघींपैकी कोणालाही सांगता आलं नसतं.

मी पाठ फिरवली, तोंड भिंतीकडे केलं आणि मागून घोट उतरल्याचा आवाज येण्याची वाट पाहत उभी राहिले.